सूनबाईचा दुभाषा

आमच्या धाकट्या सूनबाईला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती दारातल्या घंटीचं बटण न दाबता नुसतं न्याहाळत उभी होती. घंटी बिघडलेली आहे, दार वाजवावे, असा कागद मीच तिथे चिकटवला होता आणि तो चांगला पिवळा पडेपर्यंत तिथेच होता. पोरगी मुलाबरोबर घर बघायला आलेली, अजून लग्न ठरायचं होतं. तिने केसातली पिन काढली, बटणाचं झाकण उचकटलं आणि आत डोकावून म्हणाली, “बाबा, घंटी चांगली आहे. मागची तार सुटलीय.” मग घंटी वाजली. आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली, “कोण आलंय बघा हो!” इतक्या वर्षांनी घंटी वाजली याचंही तिला भान नव्हतं. मी मात्र त्याच क्षणी मुलाला डोळ्यांनी सांगून टाकलं, की बाबा रे, हिला सोडू नकोस.

बटणाच्या मागे काय आहे ते बघायची तिची ही सवय. पुढे जे रामायण घडलं ते या सवयीपायीच, किंवा खरं सांगायचं तर ती सवय एकदाच सुटली त्यापायी.

सूनबाई सॉफ्टवेअर लिहिते. मी खेड्यातल्या शाळेत शिकलेला माणूस, तिथे एकाच खोलीत चार इयत्ता बसायच्या, आणि नंतरची सगळी हयात पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या स्टोअरच्या खिडकीमागे गेली. तिच्या कामातलं मला काय कळणार? पण न कळण्यातही मला मजा येते आणि तिला सांगण्यात येते, त्यामुळे सासरा-सुनेचं आमचं छान जमलं. दुपारचा चहा घेताना ती सांगायची, मी विचारायचो, आणि आमची ही म्हणायची, “चहा निवतोय, तुमचं चालू द्या.”

एकदा तिने मला तिच्या कामातली मुख्य अडचण समजावली. प्रोग्राम लिहिणारा माणूस जगाकडे आपल्यासारखाच बघतो. त्याच्या लेखी रुग्ण म्हणजे एक अख्खा रुग्ण. त्याचं नाव, त्याचा दुखरा गुडघा, त्याचे व्यायाम, त्याच्यावर उपचार करणारी बाई, सगळं त्याच्या अंगालाच चिकटलेलं. पण ही माहिती साठवायची वेळ आली की ती जाते तक्त्यांमध्ये. एका तक्त्यात सगळ्यांची नावं, दुसऱ्यात सगळ्यांच्या वेळा, तिसऱ्यात सगळ्यांची दुखणी.

“म्हणजे माणूस एका खोलीत आणि त्याचा गुडघा दुसऱ्या खोलीत?” मी विचारलं.

“अगदी बरोबर बाबा. आणि मला हवा तेव्हा तो पुन्हा जोडून अख्खा समोर उभा करायचा.”

पूर्वी ही जोडाजोडी हातानेच करायचे. तक्त्यांची एक वेगळी भाषा असते, एसक्यूएल म्हणतात तिला. त्या भाषेत प्रत्येक प्रश्न स्वतः रचायचा, उत्तर आलं की तुकडे उचलून माणूस उभा करायचा. तीच तीच वाक्यं पुन्हा पुन्हा लिहायची, आणि एखादं चिन्ह चुकलं की सगळं ठप्प. मग कुणीतरी मधे एक दुभाषा बसवला. ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग असं त्याचं लांबलचक नाव, लाडाने ओआरएम. आपण आपल्या भाषेत सांगायचं, अमुक रुग्ण आण. दुभाषा तक्त्यांच्या भाषेत विचारतो, तुकडे जोडतो आणि माणूस समोर हजर करतो.

हे ऐकून मला आमच्या कारखान्यातला जीहुजूर आठवला नसता तरच नवल. जीहुजूर म्हणजे आमचा म्हातारा हमाल. खरं नाव पगारपत्रकावर असेल, आम्हाला तो जीहुजूरच. फिटर लोक त्याला म्हणायचे, अमका वॉशर आण, की तो “जी” म्हणून निघालाच. कुठला माल कुठल्या फळीवर, हे फिटरांना ठाऊक असायची गरजच नाही. मी मधेच फळ्यांची सगळी मांडामांड बदलली तरी त्यांना पत्ता लागायचा नाही, कारण नवी जागा एकट्या जीहुजूरने लक्षात ठेवली की झालं. नवा फिटरसुद्धा पहिल्या दिवसापासून कामाला लागायचा. सूनबाई म्हणाली, आमच्या दुभाष्याचे फायदे नेमके हेच. वर आणखी एक, कुणी भामट्याने नावाच्या रकान्यात वाकडंतिकडं काही लिहून तक्त्यांना गंडवायचा डाव टाकला, तर दुभाषा बहुतेक वेळा तो आत शिरू देत नाही.

जीहुजूरचा तोटा मी तिला तेव्हाच सांगितला होता. ती हसलीही होती. तो पुढे येईल.

नातवंडं झाली, आमच्या हिचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, आणि या सगळ्यात सूनबाई काही वर्षं घरी राहिली. परत काम शोधायला निघाली तर जो तो विचारी, मधली वर्षं काय करत होतात? ती सांगायची, घर चालवत होते. समोरचा मान हलवायचा आणि कळवतो म्हणायचा. शेवटी टायरच्या दुकानावर तीन खोल्यांत ऑफिस थाटलेल्या एका गृहस्थाने तिला घेतलं. जिन्यात रबराचा वास, वर चार पंखे, त्यातला एक अंगात आल्यासारखा घुमणारा. या गृहस्थाला सगळे मास्तर म्हणतात. शिकवत कुणाला नाही, पण चूक दिसली की चष्मा कपाळावर चढवतो म्हणून मास्तर. जुना माणूस. एसक्यूएल त्याची मातृभाषाच म्हणा. दुभाष्याचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठ्या.

तरीही सूनबाईने त्याला पटवलं. हाताखाली तिने दोघी जणी आणल्या, दोघीही तिच्यासारख्याच, घरात अडकून पुन्हा कामाला निघालेल्या. एक पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायची, दुसरी जुळ्यांची आई. दोघींना प्रोग्राम लिहिता येऊ लागला होता, पण तक्त्यांची भाषा यायला वेळ लागणार होता. दुभाषा होता म्हणून त्यांच्या हातून पहिल्या महिन्यापासून काम उतरू लागलं. सूनबाई तेव्हा इतकी खूश असायची की जिना चढतानाच गुणगुणणं ऐकू यायचं.

त्यांना काम मिळालं होतं एका फिजिओथेरपी केंद्राचं. सांधेदुखी, मोडलेले हात, आखडलेल्या माना यांच्यावर व्यायामाने उपचार करणारी जागा. सकाळी आलेल्या रुग्णाचं नाव पडद्यावर शोधायचं, त्याची वेळ, त्याची बाई, त्याचे व्यायाम, मागच्या खेपेला तो किती वाकू शकला हे सगळं एका नजरेत दिसायला हवं. आधी हे सारं पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालायचं.

आता त्या ऑफिसातली एक रीत सांगितली पाहिजे. प्रोग्राम तपासायला खोटे रुग्ण लागतात, आणि या तिघी जणींनी खोटे रुग्ण म्हणून आपापले नातेवाईक घातले. हसतखेळत काम. मी त्यात खांदा मोडलेला होतो. आमच्या हिची मान आखडलेली. नवऱ्यांना कंबरदुखी, सासवांना टाचदुखी, आणि चित्रकलेच्या बाईंच्या नणंदेला म्हणे सगळंच दुखत होतं, ती कुठल्याही तपासणीला उपयोगी पडायची. एक कुटुंबच त्या यंत्रात उपचार घेत होतं. बटण दाबलं की आम्ही सगळे झटकन पडद्यावर हजर. सूनबाईने मला दाखवलं तेव्हा माझ्या मोडक्या खांद्याशेजारी “सुधारणा समाधानकारक” असं आलं, आणि मला खरंच बरं वाटलं.

केंद्रात ते बसवल्यावर काही दिवस ठीक गेले. मग कार्डांवरचे जुने रुग्णही त्यात भरले.

योगायोग असा की त्याच सुमारास आमच्या हिचा गुडघा धरला आणि डॉक्टरांनी तिला त्याच केंद्रात पाठवलं. सोबतीला मी. काउंटरसमोर प्लास्टिकच्या खुर्च्या, सगळ्या भरलेल्या, आणि बाकीचे भिंतीला टेकून. म्हणजे ज्यांना उभं राहवत नाही त्यांनाच उभं केलेलं. काउंटरवरची मुलगी बटण दाबायची आणि पडद्यावर एक गोल फिरत राहायचा. फिरतोय, फिरतोय. ती बिचारी सगळ्यांकडे बघून ओशाळं हसायची. हिच्या शेजारची खांदेदुखीवाली बाई तेवढ्यात हिला आपल्या जावेची लांबलचक हकिगत सांगू लागली होती. रांगेतल्या एका ट्रकवाल्याने विचारलं, “ताई, आत काय, दळण टाकलंय का?”

आमची ही तोंडाने खमकी. तिने अख्ख्या रांगेच्या वतीने भाषणच ठोकलं. ज्या कुणी हे यंत्र केलंय त्याला आधी इथे एका पायावर उभं करा, मग त्याला कळेल. रांगेने माना डोलावल्या. मी छताकडे बघत राहिलो. हिला ठाऊकच नव्हतं की हे कुणाचं काम. सूनबाई घरी केंद्र केंद्र म्हणायची, त्यावरून हिने कुठलं तरी दूरचं केंद्र मनात धरलेलं.

दुपारी चहाच्या वेळी हिने तेच भाषण घरी पुन्हा सुरू केलं. एका पायावर उभं करण्यापर्यंत ती आली, आणि सूनबाईने कप खाली ठेवला.

“आई, ते मी केलंय.”

आमची ही काही क्षण गुडघा चोळत बसली. मग म्हणाली, “बाकी पडद्याचा रंग छान आहे हो.”

सूनबाईला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मग तिने सगळं सांगितलं. केंद्राच्या मोठ्या बाईंनी निर्वाणीचं कळवलं होतं, महिनाअखेर हे सुधारलं नाही तर आम्ही पुन्हा कार्डं काढतो. आणि मास्तरने ठरवलं होतं की दुभाषा उखडून टाकायचा आणि सगळं स्वतः हाताने एसक्यूएलमध्ये लिहायचं. तसं झालं तर त्या दोघींना तिथे कामच उरणार नव्हतं. “त्यांना मी बोलावलं बाबा. जुळ्यांच्या आईने माझ्या शब्दावर हातातलं दुसरं काम सोडलं.” तिची नोकरी गेली असती की नाही, हे ती बोललीच नाही. तिचा जीव त्या दोघींत अडकला होता.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबरच केंद्रात आली आणि काउंटरच्या आत, त्या मुलीशेजारी स्टुलावर बसली. तिने आपल्या लॅपटॉपवर असं काही चालू केलं की दुभाषा तक्त्यांना काय काय विचारतो ते ओळीओळीने दिसू लागलं. मी काउंटरवर कोपर टेकून बघत होतो. मुलीने बटण दाबलं.

आणि ओळींचा धबधबा सुरू झाला. वाचता येईना एवढ्या वेगाने. पण सूनबाईने तो थांबवून मला दाखवला, आणि मला आमची शाळा आठवली. सगळा वर्ग एका सुरात पाढे म्हणतोय, वाक्य तेच, फक्त आकडा बदलतो. या रुग्णाची बाई कोण? पुढच्या रुग्णाची बाई कोण? त्याच्या पुढच्याची? ते संपलं की पहिल्यापासून पुन्हा, याचे व्यायाम काय? याचे? याचे? वर दुभाषा प्रत्येकाची एक्स-रेची भलीमोठी चित्रंही उचलून आणत होता, पडद्यावर नुसतं नाव दाखवायचं असताना.

“जीहुजूर,” मी म्हणालो.

“जीहुजूरच,” सूनबाई म्हणाली. “आणि तुम्ही मला सांगितलं होतंत.”

तर तो तोटा असा. जीहुजूर सांगितलं तेवढंच आणायचा, आणि कशासाठी हवंय ते कधी विचारायचा नाही. एकदा एक मोठा पंप पूर्ण खोलून नव्या सामानाने पुन्हा जोडायचा होता. फिटर म्हणाला, बोल्ट आण. त्याने एक आणला. पुन्हा गेला, दुसरा आणला. मग नट, पुन्हा एकेक. मी खिडकीतून बघतोय, म्हातारा लगबगीने येतोय, जातोय, घामाघूम, आणि तोंडाने जी, जी. फिटरला वाटतंय माल स्टोअरमध्ये अडला. मला वाटतंय हे लोक आज काय करतायत? पंप जोडून व्हायला पाळी उलटून गेली. साहेब म्हणाला, या म्हाताऱ्याला काढा. पण काढला नाही. कारण त्याच्यावाचून रोजचं काम दोन दिवसांत बसलं असतं. फक्त तेव्हापासून नियम झाला, सुटा माल हवा असेल तर जीहुजूरला तोंडी सांगा. अख्खा पंप जोडायचा असेल तर एकदाच सगळं सांगून त्याच्या हाती ढकलगाडी द्या.

सूनबाईच्या घरच्या रुग्णांत हा पाढा ऐकूच आला नव्हता. आम्ही होतोच मूठभर. मूठभर लोकांसाठी जीहुजूरने मूठभर फेऱ्या मारल्या, कुणाला कळणार? आणि तिने बटणामागे बघितलं नव्हतं, कारण बटण नीट चालत होतं.

एवढ्यात मोठ्या बाई आल्या आणि त्यांच्या मागोमाग मास्तर. आतल्या व्यायामाच्या खोलीत, रबराच्या पट्ट्या आणि मोठाले चेंडू यांच्यामध्ये ही सगळी मंडळी बसली. आमची ही तिथेच गादीवर पाय वर-खाली करत होती, आणि मी तिची पर्स सांभाळत होतो, म्हणून आम्हाला कुणी बाहेर काढलं नाही.

मास्तर वाईट माणूस नाही. तो मोठ्या बाईंना शांतपणे सांगत होता की दोष पायातच आहे, मधे माणूस घातला की आपण काय विचारतो हे आपल्यालाच कळेनासं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. मग तो सूनबाईकडे वळला. “ताई, मी सांगितलं होतं. दुभाष्याच्या भरवशावर संसार करू नये.”

सूनबाईने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. “दुभाष्याने चोख काम केलंय, मास्तर. मी त्याला अर्धवट सांगितलं. सगळ्यांची माहिती एकदम आण, एक्स-रे आणू नकोस, एवढं सांगायची सोय त्याच्यात आहे. मी बघितलं नाही, ती चूक माझी.”

मास्तरने चष्मा कपाळावर चढवला आणि ओळी वाचल्या. बराच वेळ वाचल्या. मग म्हणाला, “आणि महिन्याचा अहवाल? कोणत्या उपचाराने किती फरक पडला, तो?”

“तो त्याच्या आवाक्यातला नाही,” सूनबाई म्हणाली. “मी तिथे त्याच्याशी झटापट केलीय, हरलेय. तो तुम्ही हाताने लिहा. तुमच्याइतका नीट कुणी लिहिणार नाही.”

“आणि उद्या तुमच्या जागी आणखी कुणी काही अर्धवट सांगितलं तर?” मास्तरने विचारलं.

“म्हणून त्या दोघींना मी एसक्यूएल शिकवणार. दुभाषा असला तरी तो काय बोलतोय ते आपल्याला समजलं पाहिजे. पण शिकेपर्यंत त्यांना घरी बसवू नका.”

गादीवरून आमची ही म्हणाली, “बसवू नका हो.” तिला कुणी विचारलं नव्हतं. मोठ्या बाई हसल्या, आणि मला वाटतं त्या हसण्यानेच गाडं पुढे सरकलं.

मास्तरने अट घातली. केंद्रात आज जेवढे रुग्ण आहेत त्याच्या दुप्पट खोटे रुग्ण भरून दाखवा. पडदा तरीही झटकन उघडला तर दुभाषा राहील, दोघी राहतील. अडखळला तर सोमवारपासून मी माझ्या हाताने लिहायला बसतो.

दुरुस्ती लवकर झाली. अडलं ते रुग्णांवर. यंत्राला सांगून हजारो नावं आपोआप भरता येतात, आणि बरीचशी तिने तशी भरलीही. पण तिचं म्हणणं, यंत्राने केलेले रुग्ण फार शहाणे असतात, प्रत्येकाला एकच दुखणं, प्रत्येकाची एकच बाई. खरी माणसं अशी नसतात. रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली आणि म्हणाली, “बाबा, माणसं सांगा.”

अहाहा. आयुष्यात मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी सुरू झालो. आमच्या वर्गातला झोपाळू, ज्याची मान कायम डावीकडे कललेली. घड्याळजी, ज्याचा अंगठा अवघडायचा आणि जो तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे एकाच वेळी जायचा. आमच्या शाळेतल्या उंच मानेच्या उंटीणबाई, पाठ आणि दोन्ही पोटऱ्या. जीहुजूर, गुडघे, दोन्ही, आणि कुणी विचारलं तर दुखत नाही म्हणणारा. आमच्या हिनेही माहेरची फौज उतरवली. मधेच ती म्हणायची, “अहो, त्याला कंबर नाही, त्याला खुबा,” आणि सूनबाई खुबा लिहायची. दुपारपर्यंत यंत्राच्या त्या शहाण्या हजारोंमध्ये आमची ही वेडीवाकडी पलटण मिसळून गेली. जे आता हयात नाहीत त्यांनाही सोमवारच्या वेळा मिळाल्या.

टायरच्या दुकानावरच्या खोलीत तपासणी झाली तेव्हा मी मुद्दाम गेलो. दोघी जणी पंख्याखाली एकमेकींचा हात धरून उभ्या. मास्तरने स्वतः बटण दाबलं. गोल फिरायला लागला आणि एक फेरा पुरा व्हायच्या आतच नाहीसा झाला. सगळी पलटण पडद्यावर. मास्तरने पुन्हा दाबलं, मग तिसऱ्यांदा. मग ओळी बघितल्या. पाढा बंद झाला होता, मोजके लांब प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

“हा जीहुजूर कोण?” पडद्यावर बोट ठेवून त्याने विचारलं.

“आमच्या स्टोअरचा हमाल,” मी म्हणालो.

मास्तरने बोट पडद्यावरून काढलं. मग दोघींकडे वळून म्हणाला, “एसक्यूएल तुम्हाला ताई नाही शिकवणार. मी शिकवेन. रोज सकाळी, चहाच्या आधी.” जुळ्यांची आई मटकन खुर्चीत बसली. त्या माणसाला मास्तर का म्हणतात याला अखेर काही अर्थ आला, असं मला वाटलं.

पुढच्या खेपेला मी आणि आमची ही केंद्रात गेलो. खुर्च्या बहुतेक रिकाम्या. हिच्या शेजारी तीच मागच्या वेळची खांदेदुखीवाली बाई येऊन बसली आणि आपल्या जावेची हकिगत पुढे सांगू लागली. जाऊ दागिने घेऊन माहेरी निघाली होती, दारापर्यंत पोहोचली होती, आणि तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने हिचं नाव पुकारलं.

घरी येताना रिक्षातून ही मागे वळून केंद्राकडे बघत होती. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने सूनबाईला हाक मारली.

“अगं, जरा हळू करता येतं का ते? फार नाही. जाऊ घराबाहेर पडेपर्यंत.”

सूनबाई म्हणाली, “मास्तरांना विचारून सांगते, आई.”